बुरशी जाईल हो, पण केस उगवतील असं का छापता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत टाळूवरची बुरशी घालवायचे घरगुती उपाय आणि त्याने केस कसे वाढतात याचं अख्खं पान छापलंत, कडुनिंब, टी ट्री ऑइल, लसूण, लिंबू, कापूर, कांद्याचा रस सगळं एका ओळीत, आणि सोमवारी मी दुकानाचं शटर वर करतेय तोच ते पान हातात घेऊन लोक काउंटरवर हजर. मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते, शिक्षण बी.फार्म, आणि डोक्याच्या तक्रारी जेवढ्या डॉक्टरांच्या कानावर जात नसतील तेवढ्या आमच्या जातात, कारण केस गळतात म्हणून कुणी केसपेपर काढत नाही, मेडिकलमधे येऊन "ताई काहीतरी नॅचरल द्या ना" म्हणतात. तुमचा लेख अगदीच टाकाऊ होता असं नाही. त्यातले काही उपाय खरंच लागू पडतात. पण कशावर लागू पडतात तेच गाळलंय, आणि बुरशी गेली की केस येणारच असं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धरून चाललंय, माझी हरकत तिथे आहे. पत्र लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, फक्त लहान मुलांबद्दलचा भाग कापू नका.

डोक्यातली बुरशी म्हणजे एकच काहीतरी नसतं. कोंडा करते ती मॅलॅसेझिया नावाची, यीस्ट जातीतली. मालासे नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८७४ च्या सुमारास ती कोंड्याच्या खपल्यांत पाहिली, त्याचंच नाव तिला पडलं. ती तुमच्या माझ्या सगळ्यांच्या टाळूवर असते, रोज डोक्यावरून न्हाणाऱ्याच्याही, त्यामुळे "मुळासकट नायनाट" वगैरे जे तुम्ही छापलंय ते होत नाही, आटोक्यात ठेवायची एवढंच. तिला स्वतःची फॅटी ॲसिड बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या टाळूला सुटणाऱ्या तेलावर जगते, ते तेल फोडते, हवं तेवढं खाते आणि ओलेइक ॲसिडसारखं जे मागे उरतं ते काहींच्या कातडीला सोसतं आणि काहींच्या नाही. ज्यांना सोसत नाही त्यांना खाज, खपल्या, कोंडा. एकाच घरात, एकाच मोरीत, एकाच शाम्पूने न्हाणाऱ्या दोन भावांत एकाच्या शर्टावर पांढरा भुगा आणि दुसऱ्याच्या नाही तो यामुळे. उगाच पोराला "नीट न्हात नाहीस" म्हणून बोलू नका, त्यात त्याचा काही दोष नसतो.

आता गंमत बघा. लेखातला पहिलाच उपाय काय, तर खोबरेल तेलात कडुनिंबाचा पाला कढवून ते रात्रभर डोक्याला चोपडून ठेवा. ज्या बुरशीचं जेवणच तेल, तिला घालवायला रात्रभर तेलात बुडवून ठेवायचं! मॅलॅसेझियाला साधारण ११ ते २४ कार्बनची साखळी असलेली फॅटी ॲसिड चालतात, आणि खोबरेलात जवळपास निम्मं असतं लॉरिक ॲसिड, ते बरोब्बर १२ कार्बनचं. ऑलिव्हच्या तेलात तर ओलेइकच जास्त, म्हणजे जे टाळूला चावतं तेच आयतं बाटलीतून. हां, प्रयोगशाळेत लॉरिक ॲसिड काही जंतूंना मारतं आणि कडुनिंबाचा अर्कही बुरशीची वाढ थांबवतो, हे दोन्ही खरं आहे, पण काचेच्या बशीत अर्क ओतणं आणि घामट डोक्यावर तेल थापून उशीवर टॉवेल टाकून झोपणं यात फरक आहे की नाही. आणि पाला तेलात कढवल्यावर तेलात नेमकं किती उतरतं ते तरी कुठे मोजलेलं असतं.

याचा अर्थ खोबरेल वाईट असा मुळीच नाही, नाहीतर माझी आईच मला घराबाहेर काढेल. न्हाण्याआधी केसाच्या लांबीला लावलं तर केस धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं, यावर आपल्याकडच्याच संशोधकांचं २००३ सालचं काम आहे, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलशी तुलना केलेलं, त्यात खोबरेल सरस ठरलं. पण ते केसाच्या दोऱ्याबद्दल. कोंडा असेल तर टाळू सोडून केसांना लावा, तासाभराने न्हाऊन टाका, झालं. रात्रभराचा हट्ट सोडा. आणि ओल्या केसांचा अंबाडा घालून दिवसभर फिरायचंही सोडा, हे आम्हा बायकांना.

मग नॅचरलमधे चालतं काय? टी ट्री ऑइल, म्हणजे एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल, ते चालतं, पण तुम्ही जे लिहिलंय "काही थेंब थेट टाळूवर चोळावेत" तसं नाही. ऑस्ट्रेलियातला २००२ साली छापून आलेला अभ्यास आहे, १२६ लोक, त्यातल्या काहींना ५ टक्के टी ट्री ऑइल घातलेला शाम्पू आणि बाकीच्यांना नुसताच शाम्पू, चार आठवडे. तेलवाल्यांचा कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला आणि नुसत्या शाम्पूवाल्यांचा ११ टक्क्यांनी. म्हणजे फरक आहे, चांगला आहे, पण ४१ म्हणजे शंभर नव्हे. ५ टक्के म्हणजे १०० मिलीच्या शाम्पूत ५ मिली, इतकं सोपं आहे, एवढं तरी छापायचं होतं. कारण शुद्ध तेल चोळून टाळू लालबुंद करून आलेल्या बाईला आग शमवणारं कॅलामाईन लोशन देताना मला शिव्या तुम्हालाच द्याव्याशा वाटतात. जुनी, अर्धी झालेली, झाकण सैल असलेली बाटली तर वापरूच नका, हवा लागून ते तेल बदलतं आणि ॲलर्जी जास्त करतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला शाम्पूत मिसळलेलं थोडं लावून दोन दिवस बघायचं. आणि पोटात अजिबात जाता कामा नये, घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर.

मधाचंही खरं आहे, आणि मजा म्हणजे तुमच्या लेखात नेमका मधच नव्हता. २००१ मधे ३० जणांवर केलेला प्रयोग आहे, सेबोऱ्हिक डर्माटायटिसचे म्हणजे कोंड्याच्या थोरल्या भावाचे पेशंट, ९० टक्के मध आणि बाकी कोमट पाणी, दोनतीन मिनिटं हलक्या हाताने चोळून तीन तास तसंच ठेवायचं आणि मग कोमट पाण्याने धुवायचं, एक दिवसाआड, चार आठवडे. खाज थांबली, खपल्या आठवड्याभरात गेल्या. आणि पुढे ज्यांनी बंद केलं त्यांच्यातल्या बहुतेकांना काही महिन्यांत परत झालं, तर आठवड्यातून एकदा लावणाऱ्यांना नाही झालं. प्रयोग लहान आहे, मोठा अभ्यास झाल्याशिवाय मी त्यावर उड्या मारणार नाही. पण निदान तो माणसांवर केलेला आहे. आता तीन तास डोक्याला मध थापून मुंग्यांच्या गावात बसायचं कुणाला जमतं हा वेगळा प्रश्न, बाटलीभर मधाची किंमत बघता मी तरी गिऱ्हाइकाला तो सल्ला सहज देत नाही. कोरफडीवर १९९९ चा ४४ लोकांचा अभ्यास आहे, त्यातही खाज आणि खपल्यांना उतार पडला. कुंडीतली कोरफड कापताना जो पिवळा चीक गळतो तो मात्र निथळून जाऊ द्या, नुसता आतला गर लावा, चिकानेच खाज सुटते काहींना. शिकेकाई आणि रिठा यांना फेस असतो, ते टाळूवरचं तेल धुतात, आणि तेल धुतलं की बुरशीचं खाणं कमी होतं, तेवढा त्यांचा उपयोग पक्का. दह्याचंही तसंच, त्यातल्या लॅक्टिक ॲसिडने खपल्या थोड्या मऊ होतात, त्यापलीकडे दह्याकडून फार आशा नको.

आणि जर महिनाभर यातलं काही करून फरक नसेल तर मेडिकलमधे कीटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू मिळतो, डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं थांबायचं. हे थांबणंच लोक विसरतात. लावलं की लगेच बादलीभर पाणी ओतलं, मग "तुमच्या शाम्पूने काही झालं नाही" म्हणून मला सुनावतात. "केमिकल नको हो" हे वाक्य मी रोज ऐकते. त्यांना मी ग्रिसिओफल्विनची गोष्ट सांगते. डोक्यातल्या नायट्यावरची ती गोळी, १९३९ मधे पेनिसिलियमच्या एका जातीपासून काढलेली, म्हणजे बुरशीवरचं औषध चक्क बुरशीतूनच आलेलं. आता तिला नॅचरल म्हणायचं का केमिकल ते तुम्हीच ठरवा, मूल बरं झाल्याशी मतलब.

मुलांचा विषय निघालाच. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा, तिथले केस मुळाशी तुटलेले, काळे ठिपके दिसतात, खपल्या, मानेत गाठी, याला आपल्याकडे खवडे म्हणतात, कुणी नायटा म्हणतं. ही कोंड्याची बुरशी नाही. ही केसाच्या आत शिरते. वरून कडुनिंब लावा, करंजाचं तेल लावा, टी ट्री लावा, ते केसाच्या आत पोचत नाही, म्हणून याला पोटातून गोळी लागते, कित्येक आठवडे, आणि ती डॉक्टरनेच वजन बघून द्यायची असते. तुमच्या लेखात "मुलांच्या चट्ट्यावर लसणाची पेस्ट अर्धा तास" असं छापलंय. लसूण वाटून कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात हो, मोठ्यांनाही येतात, पोराच्या कातडीची काय कथा. आमच्याकडे एक आई पोराला घेऊन आली होती, चट्ट्यावर आधी लसूण, मग कुणीतरी सांगितलं म्हणून शेजारच्या काकूंची स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब, आणि आता तिथे पिलपिलीत सूज आणि पू. याला केरिऑन म्हणतात आणि वेळ घालवला तर तिथले केस कायमचे जातात, मग कांदा लावा नाहीतर अमृत लावा. मी काही दिलं नाही, सरळ कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अशा मुलाचा कंगवा, टोपी, टॉवेल वेगळा ठेवायचा, भावंडांची डोकीही बघायची, आणि त्याला सलूनमधे नेलंत तर निदान न्हाव्याला आधी सांगा.

कापराचंही असंच. खोबरेलात भीमसेनी कापूर टाकून ठेवायची पद्धत घरोघर आहे, थंड वाटतं, खाज थोडा वेळ थांबते. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, थोडासा गेला तरी, आणि कडुनिंबाचं तेल पाजल्यामुळे बाळं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय मासिकांत आहेत. या दोन गोष्टींची एक ओळ तुमच्या पानावर असायला हवी होती. लिंबू लावून उन्हात बसू नये हेही, काळे डाग पडतात. खायचा सोडा तर कृपा करून परत छापू नका, टाळूची कातडी किंचित आंबट असते आणि सोडा तिच्या अगदी उलटा, डोकं कोरडं ठणठणीत होऊन खाज वाढते.

आता केस येण्याचं. कोंडा फार झाला, सूज आली, माणूस रात्रंदिवस खाजवतोय, तर केस जास्त गळतात हे बरोबर, आणि तो आटोक्यात आला की ती जास्तीची गळ थांबते. तेवढंच. पुरुषांचं कपाळावरून मागे सरकणारं टक्कल हे वंशाचं आणि हार्मोनचं, त्याला बुरशी कारण नाही. बायकांत रक्त कमी, थायरॉइड, बाळंतपण, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) ही कारणं आधी बघायची असतात. आणि डेंग्यू, टायफॉइड, कोविड, कुठलाही मोठा ताप येऊन गेला की दोनतीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, माणूस घाबरतो, तोवर ताप आलेला विसरलेलाही असतो. ही गळ बहुतेकदा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. त्या सहा महिन्यांत त्याने जे काही डोक्याला लावलेलं असतं, माका, जास्वंद, मेथी, शेजारणीचं तेल, त्याचं नाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या असेच कितीतरी उपाय नावारूपाला आलेत आणि मला त्याचा राग नाही, निरुपद्रवी असेल तर लावा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, "१५ दिवसांत फरक" म्हणणाऱ्याला एवढंच सांगा.

कांद्याच्या रसाचं तुम्ही "संशोधनाने सिद्ध" म्हणून छापलंय. संशोधन आहे, बगदादमधलं, २००२ सालचं, ३८ जणांचं. २३ जणांना कांद्याचा रस दिवसातून दोनदा, बाकीच्यांना नळाचं पाणी, आणि सहा आठवड्यांनी कांद्यावाल्यांत २० जणांना केस आले. आकडा जबरदस्त वाटतो. पण ते सगळे चाईचे पेशंट होते, म्हणजे डोक्यावर रुपयाएवढे गोल चकचकीत चट्टे पडतात ते, आणि चाई ही बुरशी नव्हेच, आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, त्यातल्या बऱ्याच चाई आपोआप भरूनही येतात. बुरशीच्या लेखात त्याचं काय काम? रोजमेरीचंही तेच, २०१५ चा इराणमधला अभ्यास, १०० पुरुष, सहा महिने, रोजमेरी तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे टकलावर लावायचं औषध, जवळपास सारखे ठरले, पण तिसरा गट, काहीच न लावणारा, त्यात ठेवलेला नव्हता, आणि पुरुषांना सहसा देतात ते मिनॉक्सिडिल ५ टक्क्यांचं. तोही वंशाच्या टकलावरचा अभ्यास, बुरशीवरचा नाही.

आणि बुलढाण्याचं विसरलात का? २०२४ चा डिसेंबर आणि २०२५ चा जानेवारी, शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावं, आठवड्याभरात माणसांची डोकी मोकळी. तेव्हा सगळ्या चॅनलवाल्यांनी "टक्कल व्हायरस" म्हणून नाव ठेवलं, कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला, आणि सुरुवातीला बुरशीचा संसर्ग असेल असंही बोललं गेलं. आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं, आणि पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, तेच विंचूदंशाच्या उपचारासाठी गाजलेले, स्वतः तपासण्या करून बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर (शरीराला अगदी थोडं लागणारं, जास्त झालं तर विषारी मूलद्रव्य), लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत ते भरमसाट सापडलं आणि जस्त कमी. म्हणजे त्यांचं बरोबर असेल तर कारण ताटात होतं आणि लोक डोक्याला काय लावू म्हणून विचारत होते. त्या दिवसांत आमच्याकडे, बुलढाण्यापासून इतक्या लांब, अँटिफंगल साबण आणि शाम्पू धडाधड खपले. धंदा माझा झाला, पण बरं नाही वाटलं. एकदम गळती सुरू झाली, घरातल्या दोघातिघांना सुरू झाली, भुवयांचे केस चालले, नखं बदलली, तर बुरशी बुरशी करत न बसता रक्त तपासायला जायचं.

शेवटचं एक, आणि हे तुम्हाला बोचेल. त्याच पुरवणीत त्या लेखाच्या बरोबर खाली पाव पानाची तेलाची जाहिरात होती, "बुरशी नष्ट, नवीन केस ९० दिवसांत, पूर्णपणे आयुर्वेदिक". आपल्या देशात १९४५ च्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे, कुठले आजार बरे करतो असा दावा औषधाने करायचा नाही त्यांची, आणि त्यात टक्कलही आहे आणि नवीन केस उगवणंही आहे. जाहिरात देणारा म्हणेल आमचं औषध नाही, सौंदर्यप्रसाधन आहे. म्हणू दे. तुमच्या जाहिरात विभागाने मग त्याला एवढंच विचारावं, की प्रसाधन आहे तर नवीन केस कसे उगवतात, आणि उगवत असतील तर औषध म्हणून परवाना कुठे आहे. काय उत्तर आलं ते पुढच्या रविवारी त्याच जागेवर छापा, मी पान कापून काउंटरवर चिकटवते.

आपली,
एक मेडिकलवाली वाचक
बार्शी, जि. सोलापूर